सुजेची रेघ

सासूबाईंच्या तळहातात शिंगाळा माशाचा काटा घुसला, तेव्हा त्या हसल्याच. आमचं घर कोन गावातलं, खाडीजवळचं. मासे साफ करताना हाताला लागणं रोजचंच. त्यांनी हळद दाबली आणि उरलेले मासे साफ केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप त्यांच्या हातून निसटला. तळहात टम्म फुगला होता, लाल आणि तापलेला. मी नुसतं बोट टेकवलं तर त्यांनी दात आवळले.

"काय न्हाय गो, उतरंल," त्या म्हणाल्या.

माझे वडील पायाच्या अशाच साध्या जखमेने गेले होते. मी सासूबाईंचं काही न ऐकता रिक्षा बोलावली.

भिवंडीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना दाखल करून सलाईन लावलं. मनगटापाशी लाली जिथे संपत होती तिथे पेनाने रेघ मारली. "लाली हिच्यापुढे सरकली तर लगेच सांगा."

"काटा एवढासा, मग सूज एवढी कशी?" मी विचारलं.

"जंतू शिरले की तिथल्या पेशी रसायनं सोडतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच मागावर येतात. जिकडे रसायन जास्त, तिकडे सरकत जातात. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, फटीतून बाहेर पडतात आणि जंतूंना खातात."

"म्हंजे ही सूज माज्याच अंगानं आनली?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आजी, तुम्हाला वाचवायला. पण जंतू आवरले नाहीत, तर रसायनांचं बोलावणं थांबत नाही. पेशी येतच राहतात आणि चांगलं मांसही खराब होतं."

मी पलंगाला खुर्ची चिकटवून त्या रेघेकडे बघत राहिले. दुपारी लाली रेघेला टेकली. संध्याकाळी ओलांडून गेली. सासूबाईंना हुडहुडी भरली. त्या मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारू लागल्या. मी डॉक्टरीणबाईंना शोधत कॉरिडॉरमधून धावत सुटले.

तळहात चिरून पू काढावा लागला. "यात जास्त करून मेलेल्या पांढऱ्या पेशीच असतात," बाई म्हणाल्या. किती जणी आल्या असतील!

सकाळी लाली थोडी मागे हटली होती. सासूबाईंनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "तू जेवलीस का गो?"

नवऱ्याला फोन लावायला मी बाहेर आले. तो "हॅलो, हॅलो" करत होता. "लाली मागे हटली," मी म्हणाले. "आई मला विचारतायत, जेवलीस का."