तांब्याच्या कळशीतलं तेल

पहिले आली मुलाची आत्या, मागून मुलाची माय. आमच्या सुमीला पाहायला कुरुंद्याहून आल्त्या. सुमी रसायनशास्त्राचं एमएस्सी करून राहिली, आन् आत्याला लगीन परीक्षेआधीच पाहिजे. पोरगी रडकुंडीला आल्ती.

मी भज्यांसाठी तेल तापवलं, तं खवट वास. गेल्याच महिन्याचं तेल, तांब्याच्या कळशीतलं. सैपाकघराला दार एकच, तेबी पाव्हण्यांत उघडतं. दुसरं तेल आणाया जाऊ कुठून?

वासानं मुलाची मायच आत आली. "तेल काहून बिघडलं?"

माझ्यापाशी उभी सुमी म्हणाली, "तांबं तेलाचं आन् हवेचं भांडण लावून देतं. एक कण बिघडला की तो दुसऱ्याला बिघडवतो. तांबं मातर जसंच्या तसं राहतं."

"आमच्या नणंदबाईवाणी," माय हळूच हसली. "पोरी, शिक्षण अर्धं सोडू नको."

बायांनो, तुमी तेल कशात ठेवता? मायनं बाहेर जाऊन आत्याला समजावलं, आन् पाव्हणे परीक्षा झाल्यावरच्या सोमवारी येतो म्हणून गेले.