आत्याच्या पायाचं माप

तार हॉस्टेलवर आली तेव्हा मी केस धूत होते. तीनच शब्द होते, ‘आत्या वारली, निघ.’ ओल्या केसांनीच एसटीत बसले. अकोल्यापासून आसेगावपर्यंत डोळ्यांतून टिपूस आलं नाही आणि त्याची मला लाजही वाटली नाही. जिनं मला वाढवलं तिच्यावर मी सात वर्षं रागावलेली होते… अजूनही आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी खरं तेवढंच सांगते.

आई बाळंतपणात गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाबांची थोरली विधवा बहीण, म्हणजे ही आत्या, माझ्यासाठी कायमची आमच्याकडे राहायला आली. पण महिन्याभरात माझं काहीतरी बिनसलं. झोप गेली, बोलणं गेलं. एकाएकी किंचाळायचं आणि स्वतःचेच हात रक्त येईतो चावायचे. शेजारणी म्हणाल्या, हिले बाहेरचं लागलं. मांत्रिक दारापर्यंत आला. आत्या चुलीतलं लाकूड घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. “पोरगी दुःखानं आजारी हाय. भूत तुमच्या डोस्क्यात हाय!” असं गावाच्या तोंडावर सांगणारी बाई ती. म्हणून तर…

हात फारच सुजले तेव्हा तिनं मला एका लांबच्या दवाखान्यात नेलं. गावाचं नाव लिहीत नाही. अपघाताचे, साप चावलेले जिथं आणतात त्याच खोलीत मला खाट मिळाली. शेजारी बैलानं भोसकलेला माणूस विव्हळत होता. डॉक्टर माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. आत्यालाच म्हणाले, “नाटकं आहेत. घरचं माणूस समोर असलं की जास्त करते. तुम्ही निघा.” मी तिचा पदर मुठीत धरला. तिनं पायातल्या चपला काढून खाटेखाली जोडून ठेवल्या. “हे पाह्य, चपला इथंच हायेत माह्या. अनवाणी कुठी जाईन मी? चहा घेऊन येते.”

मी पदर सोडला.

ती आली चौथ्या दिवशी. मधले तीन दिवस मी किंचाळले की माझी मनगटं बँडेजच्या पट्टीनं खाटेला बांधत. का रडतेस, असं कोणी विचारलं नाही. पट्टी सोडली की मी तीच पट्टी चपलेवर धरून लांबी मोजायची. मापाला गाठ मारून ठेवली होती. कोणी चपला बदलून तर नेल्या नाहीत ना, हे पुन्हापुन्हा तपासायचं. चपला आहेत म्हणजे आत्या येणार, एवढंच कळत होतं. तिसऱ्या दिवशी मी ओरडायची थांबले. डॉक्टर म्हणाले, बरी झाली. बरी कसली, मी वाट पाहणं सोडलं होतं.

आत्या आली तीही अनवाणीच. वैशाखातल्या उन्हानं तळव्यांना फोड आले होते. चपला तिनं तिथंच सोडल्या आणि पुढं कधीच घातल्या नाहीत. लोकांना वाटायचं, नवस असेल. मॅट्रिकच्या वर्षी मी एकदाच विचारलं, “काहून खोटं बोलली तू माह्यासंग?” ती तूरडाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “डॉक्टरले आपल्याहून जास्त समजते वाटलं, माय.” साऱ्या गावाला न भिणारी माझी आत्या, एका पांढऱ्या कोटाला भ्याली! माफी ती पायांनी मागत असेलही… मला ती तोंडानं हवी होती.

तेरवीच्या दानाला छत्री आली, तांब्या आला. गेलेल्या जिवाला वाट चालायची असते, म्हणून चपलाही द्याव्या लागतात. बाबा ओसरीत उभे राहून विचारत होते, “बाईच्या पायाचं माप कोनाले ठाऊक हाय? तिनं तं घातल्याच नाई.”

मी आत जाऊन माझी जुनी कंपासपेटी उघडली आणि दवाखान्यातून आणलेली ती पिवळी पडलेली बँडेजची पट्टी बाबांच्या हातात दिली. मापाच्या चपला आल्या. त्या पाटाशी ठेवताना मी मनात म्हटलं, घाल आत्या, या वेळी खरंच जायचं आहे.

पट्टी मात्र मी मागून परत घेतली. ती कंपासपेटीतच आहे, गाठीसकट.