मधोमधचा आवाज

हे मी कुणाशी कधी बोलले नाही. आईला अर्धं माहीत होतं, ती केव्हाच गेली. ज्यांना सगळं सांगायला हवं होतं ते माझे यजमान – तेही गेल्या पौषात गेले. आता तुम्हालाच सांगते. हळूहळू सांगते – चालेल ना?

ऐंशीच्या आसपासचे दिवस. महाडात, पोलादपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर यांचं लहानसं दुकान होतं. आखातातून आलेली माणसं टेप घेऊन येत, टॅक्सीवाले येत; हे गाडीत टेप बसवत, मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर लावत. लावणं कुणालाही जमतं, जुळवणं जमत नाही, असं ते म्हणत. मग डिकीत शिरून, जो स्पीकर जास्त बोलेल त्याच्यामागे आवाज दाबायला कापूस ठासत. आतून त्यांना नीट कळत नसे. म्हणून मागच्या सीटवर मधोमध मी.

"गाणारी बाई मानेमागं बरोबर मधी बसली पायजे," डिकीतून आवाज येई. "बसली का गो?"

दुपार असायची, काचा वर केलेल्या, रेक्झिनचा ऊन वास. डोळे मिटले की गाणं डाव्या बाजूने आत येई, सावकाश, नदीवरून आल्यासारखं. आणि उजवीकडे – काय सांगू? उजवीकडे पाण्याखाली असतं तसं शांत. मला ती शांतता आवडायची, हेही खरं.

लहानपणी गालगुंड झालं, त्यात माझा उजवा कान गेला. मला बघायला येणार होते तेव्हा आई म्हणाली, बोलू नकोस. मी बोलले नाही. चालताना यांना नेहमी डाव्या हाताला ठेवलं. पण हा दोष आईचा नाही. लग्नानंतर सांगायला कोणी अडवलं होतं?

मधोमध म्हणजे काय, हे मला कळणंच शक्य नव्हतं. तरी मी उत्तरं देत होते. दर वेळी 'बसली' म्हटलं तर संशय येईल – म्हणून कधी म्हणायचे, डावा थोडा जास्त आहे. ते डाव्यामागे आणखी कापूस भरत. बाहेर येऊन स्वतः ऐकत. मग म्हणत, मला उजवीकडं वाटतंय, पण तुझा कान शिकलेला.

एकदा पोलादपूरचा एक टॅक्सीवाला गाडी घेऊन परत आला. "दत्तूशेट, डावा स्पीकर काय उपासाला बसलाय? उजवा नुसता माझ्या कानात भांडतोय, भांडायला घरात बायको हाय ना."

चहाच्या टपरीवरचे चौघे हसले. हे आत बसले, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, मलापण उजवीकडंच येतंय. मग माझ्याकडे वळले. "तू सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं – मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. मी म्हणाले, "सारखाच आहे की."

त्यांनी मान हलवली. टॅक्सीवाल्याला म्हणाले, "माझाच कान गेला असंल रे." यावर कुणी हसलं नाही.

पुढे गिऱ्हाईक आलं की त्यांचा हात अडखळू लागला. आपल्या कानावर विश्वास नसलेला माणूस काय जुळवणार? वर्षभरात दुकान बंद केलं आणि बिरवाडीकडच्या कारखान्यात लागले. तिथे यंत्राशेजारी काम. पंधरा-वीस वर्षांनी त्यांना खरंच ऐकू येईनासं झालं – दोन्ही कानांनी.

शेवटच्या आजारात नर्स मोठ्याने बोलायची, तेव्हा हे तिला समजावत, "माझा कान पयल्यापासूनच कच्चा, बाय. धंदा त्यापायीच सोडला." मी उशाशी उभी असे. त्यांची चादर सारखी करत असे.

त्यांचा कान कच्चा नव्हता. त्या दिवशी गाडीत त्यांनी जे ऐकलं ते अगदी बरोबर होतं, आणि ते तसं का, हे तिथे असलेल्यांत फक्त मला माहीत होतं.