गर्दी मोजणारा मास्तर

मास्तर कुठेही गेला की आधी माणसं मोजायचा. चहाच्या टपरीवर, दवाखान्यात, मयतीलासुद्धा. एकूण किती आली याच्याशी त्याला घेणं नसायचं. एका वेळी जास्तीत जास्त किती होती, तेवढंच खिशातल्या वहीत लिहायचा. श्रीगोंद्यात त्याचा बाप वजनकाटे दुरुस्त करायचा, आणि हा कोणत्या धंद्याला केवढा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं काम एकदम पेलणारं मशीन, लागेल ते काढून द्यायचा. शाळेत कधी शिकवलं नाही, तरी आम्ही त्याला मास्तरच म्हणायचो.

माझे लिंबं वाहणारे टेम्पो आहेत. शेतकऱ्याने मोबाईलवरून टेम्पो ठरवावा अशी सोय मी करून घेतली, आणि ती चालवायला मशीन केवढं घ्यावं हे विचारायला मास्तरला बोलावलं. आठ दिवस तो माझ्या गाळ्यावर बसून, कुणाचा फोन कधी वाजतो ते लिहीत होता. मग हिशेबाचा कागद माझ्या हातात देत म्हणाला, "आण्णा, चौसष्ट जीबी मेमरीचं घ्या."

मी चौथी शिकलोय, पण हिशेब मला कुणी शिकवायचा नाही. म्हणालो, "दिवसाला तीनशे गिऱ्हाईक. तासाला पडले बारा-तेरा. त्याला एवढं धूड कशाला? आठ जीबीत भागतंय."

"आण्णा, ते तासातासाला येत न्हाईत. सकाळी लिंबाचा भाव कळला की समदे एकदमच बोट दाबत्यात. जेवनावळीत एकूण पानं किती उठली ते नका बघू. पहिल्या पंगतीला किती बसले ते बघा."

"तू जेवायला आलाय का मोजायला?"

गाळ्यावरचे हसले. तोही हसला. मी आठाचंच घेतलं.

उन्हाळ्यात भाव चढला त्या सकाळी मशीनने मान टाकली. मोबाईलवर नुसतं चक्र फिरत राहिलं. तोडलेली लिंबं बांधावर उन्हात करपली आणि दुपारी माणसं गाळ्यावर चालून आली. मास्तरही धावत आला होता. मी त्याच्याकडे बोट केलं. "मोजलं यानं. यालाच विचारा."

त्याचा चौसष्टाचा कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे, हे त्याला ठाऊक होतं. तो खणाकडे गेला नाही. एकाने त्याची कॉलर धरली. "काटेवाल्याच्या पोरा, तुला मोजता येत न्हाई व्हय?" तेव्हासुद्धा हा त्यालाच विचारत होता, "दादा, तुमी किती वाजता दाबलं हुतं?" अशी माणसं मार खायलाच जन्माला येतात. मी सोडवायला गेलो नाही.

पुढे तालुक्यात त्याला कुणी काम दिलं नाही. धंदा आवरून राहात्याला गेला. जायच्या आधी भेटायला आला, तर मी आतून 'घरी नाहीत' असं सांगायला लावलं. त्याच्यासारखा मोजणारा मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या तोंडावर मात्र मेलो तरी म्हणणार नाही.

परवा राहात्याच्या बाजारात दिसला. मोबाईलची कव्हरं विकत होता. सलाम केला. "आण्णा, चालतंय का आता?"

"चालतंय. चौसष्टाचं बसवलं. पुण्याच्या माणसानं मोजून दिलं."

पुण्याचा कुणी नव्हता. मी खणातला कागद काढूनच मशीन आणलं होतं.

मास्तर कव्हरं नीट लावत म्हणाला, "त्याला सोडू नका, आण्णा. बरोबर मोजतोय."