आप्पांच्या माडीचं लाकूड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण माझ्यासारखा शहाणा अख्ख्या परतूर तालुक्यात दुसरा झाला नाही.

आष्टीतलं आमचं घर निजामाच्या काळातलं. माडीची लाकडी जमीन वाळवीनं पोखरलेली. वर कुणी चाललं की खाली भाजीत भुसा! मी तेव्हा जालन्याला मास्तर. एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला ठरवलं, नव्या फळ्या टाकायच्या. वडील, म्हणजे आमचे आप्पा, महिनाभर परतूरला त्यांच्या बहिणीकडे गेलेले. म्हटलं, येतील तेव्हा चकित करू.

वखारीत सागवान बघितलं, भाव ऐकला आणि तसाच माघारी आलो. जालन्याहून आणलेल्या मिस्त्रीची नजर परसात गेली.

"मास्तर, पत्र्याखाली कडुलिंबाचे ओंडके हायेत की! कडू लाकूड, वाळवी शिवायची न्हाई. पण आप्पाला इचारलं का?"

विचारायचं? अहो, आप्पा त्या ओंडक्यांना हात लावू देत नसत! मला वाटायचं, नुसता चिक्कूपणा. दिले आरा गिरणीत पाठवून.

काम झालं तसे गावातले म्हातारे बघायला आले. जिन्याखाली चपला काढल्या. एकानं तर फळीला हात लावून कपाळाला लावला. कुणी बोलेना. मला वाटलं, काम बघूनच तोंडं बंद झाली! मी आणखी चेव येऊन पॉलिश मारून घेतलं.

मग आप्पा आले. माडी चढले. वाकून फळीवरून हात फिरवला.

"परसातला लिंब?"

"हो आप्पा! कसा दिसतोय?"

"तुही माय गेली तव्हा अर्धा तिला लागला. अर्धा मह्या सरणाला ठेवल्ता."

मी झटकन त्या फळ्यांवरून जिन्याच्या पायरीवर उतरलो. आईला अग्नी मीच दिला होता. पण सरणात लाकूड कुठलं, हे त्या वेळी कोण बघतं? अख्ख्या गावाला ठाऊक, पोटच्या पोराला नाही. मी रडायला लागलो.

आप्पा मिस्त्रीकडे वळले. "खिळे ठोकले का स्क्रू?"

"स्क्रू, आप्पा."

"मंग बराबर. जल्दी निघत्याल."

त्या दिवसापासून ते माडीवरच झोपायला लागले. खाली या म्हटलं की म्हणायचे, "राहू दे. सवय करून राह्यलो."

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. मिस्त्रीनं मुकाट्यानं स्क्रू काढले. पॉलिश केलेलं सरण जिल्ह्यात फक्त माझ्या बापाला मिळालं. या वेळी मात्र मी लाकडाकडे नीट बघितलं.

माडी अजून फळ्यांवाचून उघडीच आहे. दुसरं लाकूड निवडायचा धीर होत नाही. परसात एक कडुलिंब लावला, आता चांगला वाढलाय. पण आमचं पोरगं शहरात शिकतं आणि अकलेनं माझ्यावर गेलंय. म्हणून बुंध्याला पाटी बांधून ठेवलीय:

'याच्या फळ्या करू नयेत.'