रांजणाजवळची मावशी

दुष्काळात कळंबजवळ पाझर तलावाचं काम निघालं, तिथं मी हजेरी कारकून होतो. मजुरांना पाणी द्यायला आणि त्यांची लेकरं सांभाळायला बौद्धवाड्यातली एक मावशी नेमली होती. पदर खोचल्याशिवाय ती बोलायची नाही, आणि बोलली की सुरुवात ठरलेली, "सरकारी काम हाय."

पहिल्याच आठवड्यात काही बायकांनी तिच्या हातचं पाणी नको म्हटलं. शिवाशिवीचा कायदा मला पाठ होता. तरी कटकट नको म्हणून मीच म्हणालो, "मावशी, तुम्ही नुसती लेकरं बघा."

तिनं पदर खोचला. "सरकारी काम हाय, सायेब. ह्यांची लेकरं माझ्या मांडीवर झोपत्यात, अन् पाणी न्हाय चालत? दुपार होऊ द्या."

दुपारी ऊन चढलं, तशी मांडीवरल्या लेकराची आईच आधी आली. मग रांग लागली. मावशी रांजणातून पेले भरून देत राहिली.

शेवटी भरलेला पेला घेऊन ती माझ्याकडं आली. माझ्या टेबलाखाली घरून आणलेला फिरकीचा तांब्या होता.

"तुमचं पाणी तापलं आसंल," ती म्हणाली. या वेळी तिनं सरकारचं नाव काढलं नाही.

मी पेला घेतला.