मराठी शाळेतली घोरपड

मुलीने घोरपड घरी आणली, तेव्हा मी पहिलं वाक्य बोलले ते असं: "माणसांशी जमत नाही, म्हणून आता हे का?" ती सतरा वर्षांची होती. शाळेत तिला एकही मैत्रीण नाही हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी ते बोलले. दुखरी जागा माझ्या जिभेला आपोआप सापडते. ती खोका उचलून पाहुण्यांच्या खोलीत गेली.

ती खोली मग पाहुण्यांची राहिलीच नाही. बापलेकीने गॅरेजमध्ये दोन शनिवार खपून काच लावलेला भलामोठा लाकडी पिंजरा बनवला आणि त्यात गुडघाभर माती भरली. बाहेर फीनिक्सजवळच्या चँडलरचा वाळवंटी उन्हाळा, आत आम्ही एसी लावून बसलेलो, आणि त्या खोलीत पुन्हा दिव्याने ऊन. दिव्याखालच्या फरशीवर पापड भाजला गेला असता. आमच्याकडे दर महिन्याला झुरळांची फवारणी करायला माणूस येतो, आणि ही पोर डबा भरून झुरळं विकत आणायची. फ्रीजरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या पिशवीशेजारी मेलेले उंदीर. तिने त्या जनावराला एक छानसं इंग्रजी नाव दिलं होतं. मी ते कधी तोंडातून काढलं नाही. "तुझी पाल जेवली का?" असं विचारायचे.

पाल वर्षभरात हातभर लांब झाली. मुलीला दूर ॲन आर्बरच्या विद्यापीठात ॲडमिशन मिळाली. होस्टेलवर घोरपड चालणार नव्हती. फीनिक्सच्या पलीकडे एक बाई अशी सोडून दिलेली जनावरं सांभाळायच्या, त्या घ्यायला तयार होत्या. तेव्हा मीच म्हणाले, "इथेच राहू दे. मी बघेन."

घोरपडीबद्दल मला प्रेमबिम काही नव्हतं. ही पोर एकदा गेली की मला फोन करणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. इतकी वर्षं मी तिला टोचत आले होते, कशाला करेल? पण घोरपडीसाठी रोज करेल. व्हिडिओवर मी जनावर दाखवेन, आणि जनावराच्या मागे मी असेन. एवढाच माझा स्वार्थ होता, पण तो जिवाच्या आकांताचा होता.

तिचा विश्वास बसेना. "लेट्स डू अ ट्रायल, आई. टिल ऑगस्ट," ती म्हणाली. मग मी शिकले. झुरळांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरायची, चिमट्याने भरवायचं, पाण्याचा टब रोज घासायचा. घोरपडीने माझ्या हातून पहिला उंदीर गिळला, तेव्हा मुलगी हसून म्हणाली, "यू आर गुड ॲट धिस." तिच्याकडून कौतुक ऐकून किती वर्षं झाली होती! मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

दर रविवारी सकाळी माझ्या घरी मराठी शाळा भरते. नऊ मुलं, सगळी इथेच जन्मलेली. जुलैमधल्या एका रविवारी मी त्यांना घोरपडीच्या कमरेला दोर बांधून मावळे कडा कसे चढले, ती गोष्ट सांगत होते. एक दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "मावशी, दॅट्स फेक. लिझर्ड कान्ट होल्ड अ पर्सन." बाकीची खिदळली. ती गोष्ट खरी नाही असं म्हणणारे जाणकार आहेत, हे मलाही माहीत आहे. पण माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच तोंडावर? माझं डोकं फिरलं.

माझी मुलगी कॉफीच्या दुकानात कामाला गेली होती. मी घोरपड बाहेर काढली, तिच्या पोटाला माझी ओढणी बांधली आणि सगळ्यांना घेऊन परसात गेले. आमची कुंपणाची भिंत सहा फुटी, खरबरीत सिमेंटची. घोरपड वरच्या कडेला लावली. मुलीने मला दहादा सांगितलं होतं, ही आफ्रिकेची जात आहे, बिळात राहते, चढत नाही. पण घोरपड ती घोरपड, असं मला वाटत होतं. मी ओढणी ओढली. ती चिकटून राहिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तिथे थांबायला हवं होतं. ती दहा वर्षांची मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. तिच्याकडे बघत मी ओढणीला सगळा भार दिला.

घोरपड खाली दगडांवर आपटली. पुढच्या डाव्या पंजाची दोन नखं भिंतीतच राहिली होती आणि पंजा उलटा वळला होता. ओरडली नाही, तोंड नुसतं उघडंच राहिलं. दोन मुलं रडायला लागली. त्या दहा वर्षांच्या मुलीला मी म्हणाले, "झालं समाधान?"

जनावरांच्या डॉक्टरांनी तो पाय काढून टाकला. माझी मुलगी कामावरून थेट दवाखान्यात आली, रडत, ॲप्रन तसाच. तिने मला विचारलं, "व्हाय?" एवढंच. मला माफी मागायची होती. पण नवरा बघत होता, नर्स बघत होती, आणि चूक माझी होती. अशा वेळी माझी जीभ काय करते ते मला माहीत आहे.

"एवढं काय मेलं," मी म्हणाले, "तीन पाय आहेत ना अजून."

ती रडायची थांबली. माझ्याकडे तिने असं पाहिलं, जसं आपण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे बघतो. मग नर्सशी औषधांबद्दल बोलायला लागली.

पुढच्या आठवड्यात तिने घोरपड, दिवे, झुरळांचा डबा, सगळं गाडीत भरलं आणि फीनिक्सपलीकडच्या त्या बाईंकडे नेऊन दिलं. मी मदत करू का विचारलं, तर "नो, थँक यू" म्हणाली. ऑगस्टमध्ये ती गेली.

मला फोन येतो. मी तीनचार मेसेज केले की येतो, पाच मिनिटं, बहुतेक बस येईपर्यंत. परवा मी धीर करून विचारलं, "घोरपड कशी आहे गं?"

"शी इज फाइन. तीन पायांवर मस्त चालते. त्या बाई रोज व्हिडिओवर दाखवतात."

"रोज बोलतेस त्यांच्याशी?"

"हो. कधी कधी तासभर," ती म्हणाली. "आई, बस आली."